पिसवा अंगणात, शिक्षा चंपीला?

गणपतीला गावी गेलेली माझी मावशी तीन आठवड्यांनी बडोद्याला परतली. मीही तिच्यासोबत होते. काकांनी फाटकाचं कुलूप काढलं आणि आम्ही बॅगा घेऊन अंगणातून ओट्याकडे निघालो. जेमतेम पंधरा पावलं. पण तेवढ्यात तिघांच्याही घोट्यांना चिमटे बसू लागले. मावशीने साडी जरा वर उचलून पाहिलं, तर पायांवर बारीक काळपट ठिपके. बोट लावायला गेलं की ठिपका टुणकन उडी मारून गायब!

शेजारच्या बेन कुंपणावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘चांचड!’’ गुजरातीतले चांचड म्हणजे आपल्या पिसवा.

त्या रात्री कोणालाच नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मावशीच्या मुलाचा फोन आला. दिवाळीला तो, सून आणि चार वर्षांचा नातू येणार होते. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, ‘‘आई, त्या कुत्रीला आधी कुठेतरी लांब सोडून या. तोपर्यंत आम्ही पिल्लूला घेऊन येणार नाही.’’

ती कुत्री म्हणजे चंपी. पाच वर्षांपूर्वी पावसात भिजत फाटकाशी आलेलं देशी पिल्लू. तेव्हापासून ओट्यावरच्या झोपाळ्याखाली तिचं गोणपाट अंथरलेलं असतं. आम्ही गावी असताना ती मागच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या घरी होती. मावशी काही बोलली नाही, पण फोन ठेवल्यावर तिने चंपीचं गोणपाट उचलून फाटकाबाहेर नेऊन टाकलं. दिवाळी साधारण साडेसहा आठवड्यांवर होती.

मला तेव्हा एकच गोष्ट खटकली. चंपी तीन आठवडे या अंगणात नव्हतीच. मग पिसवा आल्या कुठून? प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं आणि उत्तर मिळालं. ते उत्तर ज्यांच्या घरापुढे अंगण, बाग किंवा नुसती मातीची पट्टी आहे, त्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. म्हणून आजचं सदर पिसवांवर.

आधी शत्रू ओळखा

पिसू आणि गोचीड यांत पुष्कळांची गल्लत होते. गोचीड आठ पायांची असते, एका जागी घट्ट चिकटून रक्त पिते आणि फुगते. ती उडी मारत नाही. पिसू दोन ते तीन मिलिमीटरची, तपकिरी-काळपट आणि दोन्ही बाजूंनी चपटी असते. तिला पंख नसतात, पण ती साधारण वीतभर उंच उडी मारते. म्हणूनच ती माणसाला बहुधा घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर चावते. कुत्र्यामांजरांच्या अंगावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा ‘मांजराची पिसू’ या एकाच जातीची असते. नावात मांजर असलं तरी तिला कुत्राही चालतो.

पिसू दिसत नसेल तर दोन सोप्या चाचण्या आहेत.

ओल्या कापसाची चाचणी : बारीक दातांची फणी कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कणाभोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच सुकलेलं रक्त. तसाच राहिला तर साधी माती.

पांढऱ्या मोज्यांची चाचणी : गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घालून अंगणात दहा मिनिटं सावकाश चाला, विशेषतः सावलीच्या जागी. उडी मारून बसलेल्या पिसवा पांढऱ्यावर लगेच दिसतात. पहिल्या रविवारी माझ्या मोज्यांवर २७ मोजल्या. हा आकडा मी कॅलेंडरवर लिहून ठेवला आणि पुढे दर रविवारी तीच चाचणी करायची असं ठरवलं.

अंगावर मूठभर, मातीत गावभर

पिसवांचं सगळं गणित त्यांच्या जन्माच्या चार टप्प्यांत आहे. अंडी, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेली पिसू.

मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते. भरात असताना ती दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. ही अंडी गुळगुळीत असतात, प्राण्याच्या अंगाला चिकटत नाहीत. मिठाच्या कणांसारखी खाली घरंगळतात. कुत्रा जिथे झोपतो, अंग घासतो, लोळतो, तिथे ती सांडत जातात.

अंड्यांतून निघालेली बारीक अळी उजेडापासून पळते. ती पाल्याखाली, मातीच्या वरच्या थरात, फरशीच्या फटीत शिरते आणि पिसवांच्याच सुकलेल्या विष्ठेवर जगते. तिला सावली आणि दमट हवा लागते. कडक उन्हात, कोरड्या मातीत ती टिकत नाही. पुढे ती स्वतःभोवती रेशमी कोष विणते. त्याला मातीचे कण चिकटतात, त्यामुळे तो कोष शेजारी असूनही दिसत नाही. औषधाची फवारणीही आत फारशी पोचत नाही.

आणि इथेच आमच्या प्रश्नाचं उत्तर होतं. कोषातली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. जवळपास कोणी नसेल तर ती वाट पाहते. काही आठवडे, कधी कधी काही महिनेसुद्धा. जमिनीला पावलांचे हादरे बसले, अंगाची ऊब जाणवली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोचला की ती क्षणात बाहेर पडते. तीन आठवडे बंद असलेल्या अंगणात अशा कितीतरी पिसवा आमचीच वाट बघत होत्या. सुट्टीवरून परतल्यावर ‘एकदम पिसवा झाल्या’ असं जे वाटतं, ते यामुळे.

साधारण हिशोब असा सांगतात, की एखाद्या घरात शंभर पिसवा असतील तर त्यांतल्या पाचच प्राण्याच्या अंगावर असतात. उरलेल्या ९५ अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात आजूबाजूला पसरलेल्या असतात. म्हणजे चंपीला घालवून आम्ही फार तर ते पाच घालवले असते. बाकीच्या ९५ मधून जसजशा पिसवा निघाल्या असत्या, तसतसं त्यांना कुत्रं मिळालं नसतं. मिळाली असती ती आमचीच पावलं.

हे मी मावशीला कॅलेंडरच्या मागे चित्र काढून समजावलं. तिने चष्मा लावून ते दोनदा पाहिलं. संध्याकाळी गोणपाट फाटकाबाहेरून आत आलं नाही, पण चंपी आली.

तीन आघाड्या, एकच दिवस

पिसवा काढताना सर्वांत मोठी चूक म्हणजे सोमवारी कुत्र्याला आंघोळ, पुढच्या रविवारी घराची सफाई आणि जमलं तर पुढच्या महिन्यात अंगण. असं केलं तर त्या एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरत राहतात. प्राणी, घर आणि अंगण या तिन्ही आघाड्या एक-दोन दिवसांतच उघडायच्या. आम्ही शनिवार-रविवार निवडला.

प्राण्यासाठी :

* औषध डॉक्टरांनाच विचारून द्या. मानेवर सोडायचे थेंब किंवा पोटात द्यायची गोळी, दोन्ही वजनानुसार ठरतात. लहान पिल्लं आणि गाभण माद्या यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो.
* घरात दोन-तीन प्राणी असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्या.
* कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याजवळही मांजराला काही काळ जाऊ देऊ नका.
* फणीने काढलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाका. साध्या पाण्यातून त्या उडी मारून निसटतात, साबणाच्या पाण्यात बुडतात.
* जंतांचं औषधही विचारून घ्या. अंग चाटताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्यातून त्याच्या पोटात पट्टकृमी जातो. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर त्यालाही तो होऊ शकतो.

घरासाठी :

* प्राण्यांची अंथरुणं, पायपुसणी, सोफ्याचे अभ्रे कडकडीत गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. चंपीचं जुनं गोणपाट आम्ही टाकूनच दिलं.
* व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सोफ्याखाली, पलंगाखाली, भिंतीच्या कडेने रोज फिरवा. त्याच्या हादऱ्यांनी कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि ओढल्या जातात. नसेल तर रोज झाडून ओल्या फडक्याने पुसा. कचरा पिशवीत घट्ट बांधून लगेच बाहेर टाका.
* रात्री जमिनीवर पसरट ताटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून वर छोटा दिवा लावा. दिव्याच्या ओढीने पिसवा ताटलीत पडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण कोणत्या खोलीत जास्त आहेत ते कळतं.

अंगणात नेमकं काय करायचं?

सगळं अंगण फवारत सुटायची गरज नसते. दिवसभर ऊन खाणाऱ्या मोकळ्या जागेत अळ्या जगत नाहीत. शोधायच्या त्या प्राण्याच्या बसण्याउठण्याच्या, सावलीच्या आणि ओलसर जागा. आमच्याकडे अशा पाच निघाल्या. ओट्याच्या पायरीखालचा कोपरा, कुंड्यांच्या रांगेमागची पट्टी, आंब्याचं आळं, मागच्या दारचा विटांचा ढीग आणि सीताफळाखालचा खड्डा. तो खड्डा चंपीने उन्हाळ्यात थंडाव्यासाठी स्वतः उकरला होता.

ऊन आत येऊ द्या : सावली आणि ओल ही पिसवांची खरी घरं. म्हणून खराटा, विळा आणि कात्री ही पहिली औषधं. पालापाचोळा गोळा करा, गवत बारीक कापा, झुडपांच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा. पाचोळा कोपऱ्यात रचून ठेवू नका. जाळूही नका, पिशव्यांत भरून बाहेर द्या. आमच्या पाच जागांमधून सात पोती पाचोळा निघाला.

ढीग हलवा : विटा, जळण, जुन्या फळ्या, फुटक्या कुंड्या यांखाली कायम दमटपणा असतो. जे लागत नाही ते काढून टाका. जे लागतं ते जमिनीपासून उंचावर, विटांच्या पायावर ठेवा.

झोपायच्या जागेची माती काढा : कुत्रा जिथे रोज बसतो तिथली वरची दोन-तीन इंच माती खरवडून काढा आणि कडक उन्हात पातळ पसरा. अंडी, अळ्या, कोष सगळ्यांत जास्त तिथेच असतात. आम्ही त्या खड्ड्यात फरशीचे जुने तुकडे बसवले. आता ती जागा धुता येते.

पाणी बेताने : झाडांना पाणी सकाळी आणि मुळाशीच द्या. संध्याकाळी सगळ्या अंगणात पाइप मारला की रात्रभर माती ओली राहते.

कडुनिंब : त्याचा पाला किंवा पेंड मातीत मिसळली तर थोडी मदत होते, झाडांनाही खत मिळतं. पण पिसवा भरपूर झाल्या असतील तर नुसत्या कडुनिंबावर विसंबू नका.

फवारणी केली तर : इतक्या पिसवा असताना आम्हाला ती करावी लागली. परवाना असलेल्या माणसाकडून, फक्त त्या पाच जागी. मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधासोबत अळीची वाढ रोखणारं, पायरीप्रॉक्सीफेनसारखं औषध आहे ना, हे विचारून घ्या. त्यामुळे अंडी आणि अळ्यांची पुढची पिढी थांबते. फवारणी वाऱ्याच्या किंवा पावसाच्या दिवशी नको. तुळस, भाजीचे वाफे, पाण्याची टाकी झाका. फुलांवर मारू नका, मधमाश्या मरतात. कमळाच्या कुंडीत मासे असतील तर ती आत न्या, कारण अशी बरीच औषधं माशांना विषारी असतात. जागा पूर्ण सुकेपर्यंत मुलं आणि प्राणी घरातच.

डब्यावरचा त्रिकोण बघा : आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळी, मग निळी आणि सर्वांत कमी विषारी हिरवी. शेतीच्या दुकानातून ‘जालीम’ म्हणून मिळणारं लाल-पिवळ्या खुणेचं औषध घराच्या अंगणात आणू नका.

हे मात्र करू नका

घरोघरी काही उपाय वर्षानुवर्षं सांगितले जातात. त्यांतले काही थेट धोक्याचे आहेत.

* कुत्र्याला रॉकेल किंवा फिनाइल लावणं. कातडी भाजते, चाटल्यावर विषबाधा होते. मांजरांना तर फिनाइल फारच घातक.
* ‘रक्त कडू होईल’ म्हणून लसूण-कांदा खायला घालणं. दोन्ही कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात.
* अंथरुणाखाली डांबराच्या गोळ्या ठेवणं. लहान मूल किंवा प्राण्याने गिळली तर दवाखाना गाठावा लागतो.
* अंगणात कळीचा चुना पसरणं. ओल्या पायांना आणि प्राण्यांच्या पंजांना भाजतं.
* प्राण्याला लांब नेऊन सोडून देणं. तो उपाशी-तहानलेला राहील अशा तऱ्हेने त्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

उंदीर विसरू नका

आपल्या दोन-तीन पिढ्यांआधीच्या माणसांना पिसू म्हटलं की कुत्रा नाही, उंदीर आठवायचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यातही पसरला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. हा रोग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सिद्ध झालं नव्हतं. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून उंदरांवरच्या पिसवांचा हात दाखवून दिला. ते सर्वांनी मान्य करायला आणखी काही वर्षं गेली. पण घरात ‘उंदीर पडला’ की घर सोडायचं, हे लोक अनुभवाने शिकले होते. उंदीर मेला की पिसवा त्याचं थंड शरीर सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात.

कुत्र्यावरच्या पिसवा पाहून घाबरायचं कारण नाही. त्या उंदरांवरच्या पिसवांपेक्षा वेगळ्या जातीच्या असतात. पण अंगणात उंदरांची बिळं असतील तर ती बुजवा, धान्य आणि प्राण्यांचं उरलेलं खाणं रात्री उघडं ठेवू नका. मेलेला उंदीर हाताने उचलू नका, हातमोजे घालून पिशवीत बांधा.

पिसू चावली तर जागा साबणाने धुवा, बर्फ फिरवा, कॅलामाइन लावा. मुलांची नखं कापून ठेवा, कारण खाजवल्याने जखम चिघळते. चावल्यानंतर काही दिवसांत ताप, अंगावर पुरळ किंवा गाठी आल्या तर डॉक्टरांकडे जा आणि ‘घरात पिसवा झाल्या होत्या’ हे आपणहून सांगा.

तिसऱ्या आठवड्याची परीक्षा

सफाई आणि फवारणीनंतरच्या रविवारी मोज्यांवर नऊ पिसवा निघाल्या. मावशी खूश. तिसऱ्या रविवारी मात्र चौदा! काका म्हणाले, ‘‘पैसे पाण्यात गेले.’’ मावशी गप्प राहिली आणि चंपीकडे बघत राहिली. मलाही धीर देताना आवाज फुटेना.

डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. म्हणाले, ‘‘कोषात लपल्या होत्या त्या आता बाहेर येतायत. येऊ द्या. बाहेर आल्याशिवाय मरणार कशा?’’ बहुतेक लोक नेमके इथेच हात टेकतात. औषध बदलतात, दुप्पट मारतात किंवा कुत्र्याला घालवतात. खरं तर इथे फक्त नेम सोडायचा नसतो. रोज झाडणं, आठवड्याला अंथरुणं धुणं, कुत्र्याला पुढचा डोस तारखेला देणं. औषध लावलेला कुत्रा अंगणात फिरत राहिला तर उलट मदतच होते. नव्याने निघालेली पिसू त्याच्या अंगावर जाते आणि अंडी घालायच्या आधी मरते. म्हणजे जिला घालवायचं ठरत होतं, तीच आमच्या बाजूने लढत होती.

त्या आठवड्यात दुसरी फवारणी झाली, पुन्हा त्याच पाच जागी. चौथ्या रविवारी पाच पिसवा. पाचव्या रविवारी एक. सहाव्या रविवारी मी दहाच्या ऐवजी वीस मिनिटं चालले. मोजे पांढरेशुभ्र. मी त्यांचा फोटो काढून मावसभावाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

वसुबारसेला ते तिघं आले. नातू फाटकातून आत आला तो थेट झोपाळ्याकडे पळाला. झोपाळ्याखाली धुऊन वाळवलेली, मावशीच्या जुन्या साडीची चौघडी होती आणि तिच्यावर चंपी. सुनेने आधी जमिनीकडे पाहिलं, मग मुलाच्या पायांकडे, आणि मग काही न बोलता बॅग आत नेली. मावशी रांगोळीचे ठिपके काढत होती. मान वर न करता ती मला म्हणाली, ‘‘ते मोजे टाकू नकोस हं. पुढच्या वर्षी गणपतीहून आल्यावर लागतील.’’